मन लावायचं म्हणजे नक्की काय लावायचं?



"मन लावून अभ्यास कर" हे वाक्य ऐकलं नाही असा एकही प्राणी आपल्या हॉस्टेलमध्ये सापडणार नाही. आई म्हणते, बाबा म्हणतात, शेजारच्या काकू म्हणतात. लग्नात भेटणारे, नाव आठवत नसलेले काका तर आपण नमस्काराला वाकलो की आशीर्वादाच्या जागी हेच म्हणतात! पण मन लावायचं म्हणजे काय लावायचं, कुठे लावायचं आणि ते निसटलं तर परत कसं चिकटवायचं, हे मात्र कोणी सांगत नाही. फेविकॉलने काम झालं असतं तर मी पहिल्या सेमलाच पाच किलोचा डबा आणला असता.

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे माझं मराठी थोडं खिचडी आहे, संपादक मंडळाने सांभाळून घ्यावं. पहिलीपासून दहावीपर्यंतच्या माझ्या सगळ्या रिपोर्ट कार्डांवर साधारण एकच शेरा आहे. मराठीत सांगायचं तर, 'हुशार आहे, पण लक्ष नसते. मनात आणले तर बरेच काही करू शकेल.' दहा वर्षं, दहा टीचर, शेरा एक! टीचर वाईट नव्हत्या. त्यांना जे दिसलं ते त्यांनी लिहिलं. बाकावर उड्या मारणारा मुलगा असता तर त्याच्या आईला शाळेत बोलावलं असतं. मी आपली खिडकीशी गप्प बसणारी. खिडकीबाहेर बघणाऱ्या मुलीची तक्रार कोण करणार?

गेल्या वर्षी, मी १९ वर्षांची असताना, एका मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांनी आईला हीच सगळी रिपोर्ट कार्डं घेऊन यायला सांगितलं. आम्हाला वाटलं मार्क बघणार. त्यांनी मार्कांकडे पाहिलंसुद्धा नाही, फक्त शेरे वाचले. मग दोन-तीन भेटींत भरपूर प्रश्न विचारले आणि चार अक्षरं सांगितली: एडीएचडी. आई रिक्षात म्हणाली, "म्हणजे तू आळशी नव्हतीस तर!" एवढ्या एका वाक्यासाठी दवाखान्याची फी वसूल झाली असं मला वाटतं.

हे प्रकरण नवीन नाही. १९०२ साली जॉर्ज स्टिल नावाच्या डॉक्टरांनी लंडनमध्ये अशा मुलांवर व्याख्यानं दिली होती. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेची निदानाची एक पुस्तिका असते. तिच्यात १९८० साली 'अवधान कमी पडणे' हे नाव आलं आणि १९८७ साली त्याला 'अतिचंचलता' जोडली गेली. २०१३ च्या आवृत्तीप्रमाणे लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाच्या आधीपासून हवीत, आणि ती घर, शाळा, काम अशा किमान दोन ठिकाणी दिसायला हवीत. म्हणजे फक्त मॅथ्सच्या लेक्चरला लक्ष लागत नसेल, तर तो एडीएचडी नव्हे, ते मॅथ्स! त्याच पुस्तिकेच्या अंदाजाने साधारण ५ टक्के मुलांमध्ये आणि २.५ टक्के मोठ्या माणसांमध्ये हे आढळतं. आपल्या ६० जणांच्या वर्गात एखाद-दुसरा तरी असणारच. आपल्याकडेही हा विषय कोणाला माहीत नव्हता असं नाही. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २००७ साली, लर्निंग डिसॅबिलिटी आणि एडीएचडी दोन्ही असलेल्या ५० मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्याच वर्षी 'तारे जमीन पर' आला. तो मात्र डिस्लेक्सियावर होता. अक्षरं उलटसुलट दिसली की हल्ली लोकांना ईशान आठवतो. अक्षरं सरळ दिसून पान मात्र डोक्यात न शिरणाऱ्यांवर अजून पिक्चर यायचा आहे.

माझ्याकडे लक्षाचा तुटवडा आहे असं नाव ऐकून वाटतं. खरं सांगू? लक्ष ढीगभर आहे, पण त्याला स्टिअरिंग नाही. ८०५१ मायक्रोकंट्रोलर शिकताना मला सर्किटपेक्षा स्वतःबद्दलच जास्त कळलं. त्याला इंटरप्ट पाच. कोणाकडे आधी बघायचं ते रजिस्टरमध्ये लिहून ठेवता येतं आणि नको तो इंटरप्ट बंदही करता येतो. माझ्या मेंदूत इंटरप्ट पाचशे, सगळ्यांची प्रायॉरिटी सारखी, आणि बंद करायचं रजिस्टर कंपनीने दिलेलंच नाही! विचुंब्यात तर इंटरप्टची चंगळ. २०१३ मध्ये हा सगळा भाग नैनाच्या हद्दीत आल्यापासून इमारतींची कामं काही थांबत नाहीत, त्यामुळे ड्रिलिंग कायमचं. शिवाय मेसचा कुकर, शेअर रिक्षावाल्या दादांची "स्टेशन, स्टेशन" हाक, कॉरिडॉरमधल्या चपला. माझ्या मेंदूच्या लेखी ही सगळी मंडळी आणि फोरियर ट्रान्सफॉर्म एकाच रांगेत उभी. उलट एखादं सर्किट आवडलं, तर रात्री साडेतीनपर्यंत तहानभूक आठवत नाही. महत्त्वाचं काय ते मला कळतं, पण माझा मेंदू महत्त्वावर चालत नाही. तो चालतो आवडीवर, नावीन्यावर आणि ऐनवेळच्या धावपळीवर.

बहिणाबाई चौधरींच्या एका कवितेत मनाची तुलना मोकाट गुराशी केली आहे. आम्हाला मराठी खालच्या लेव्हलचं होतं, म्हणून मी ती फार उशिरा वाचली. वाचल्यावर मनात आलं, गुराला कोणी शेतकरी "एकाग्र हो" असा उपदेश करत बसत नाही. तो कुंपण घालतो. मग मीही उपदेश ऐकणं सोडून कुंपण घालायला घेतलं. डोक्याच्या आत जे टिकत नाही, ते डोक्याच्या बाहेर मांडून ठेवायचं. आपण इंजिनिअर, त्यामुळे प्रयोगवहीच्या थाटात सांगते.

प्रयोग पहिला: वेळ डोळ्यांना दिसू दे

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कले म्हणतात की एडीएचडी असलेल्या माणसाला वेळेच्या बाबतीत जणू दिसतच नाही. अगदी खरं आहे. माझ्या घड्याळात दोनच वेळा असतात: 'आत्ता' आणि 'आत्ता नाही'. पुढच्या गुरुवारची व्हायवा ही 'आत्ता नाही'. बुधवारी रात्री अकराला ती एकदम 'आत्ता' होते! म्हणून मी पनवेलच्या बाजारातून काटे असलेलं साधं टेबलावरचं घड्याळ आणलं. मोबाईलवर वेळ बघायला गेलं की वेळ सोडून बाकी सगळं बघून होतं.

पोमोदोरो पद्धत तुम्ही ऐकली असेल. फ्रान्चेस्को चिरिल्लो या इटालियन विद्यार्थ्याने १९८० च्या दशकाच्या शेवटी टोमॅटोच्या आकाराचा किचन टायमर लावून ती काढली. २५ मिनिटं काम, ५ मिनिटं सुट्टी. छान आहे, पण २५ हा आकडा चिरिल्लोच्या डोक्याचा. माझ्या डोक्याचा किती? मी दोन आठवडे निरीक्षण तक्ता ठेवला. बसले किती वाजता, विषय कोणता, मन उठून गेलं किती वाजता. थिअरीला ९ ते १३ मिनिटं. न्यूमेरिकलला ३५ ते ४५. कोडिंगला मर्यादाच नाही, मेस बंद होते तरी कळत नाही. आता थिअरी १० मिनिटांच्या तुकड्यांत, न्यूमेरिकल ४० च्या, आणि कोडिंगला बसताना अलार्म खोलीच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे तो बंद करायला उठावंच लागतं. तुमचे आकडे वेगळे असतील. तक्ता स्वतःचा स्वतः भरायचा, पार्टनरचा कॉपी करायचा नाही!

प्रयोग दुसरा: वाचण्याआधी विचारा

पान पिवळ्या हायलायटरने रंगवलं की अभ्यास झाल्यासारखा वाटतो. २००६ साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिकी या दोघांनी एक प्रयोग केला. काही विद्यार्थ्यांना एक उतारा पुन्हा वाचायला दिला. बाकीच्यांना तो न बघता, आठवेल तेवढा लिहायला लावला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा त्यांना ४२ टक्के आठवत होतं, आणि आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. परीक्षा काही पाच मिनिटांनी नसते.

हे सगळ्यांनाच लागू आहे. पण बाकीच्यांना ही सोय असेल, तर माझ्यासारखीला गरज आहे. नुसतं वाचताना माझे डोळे पानाच्या तळाशी पोचतात, तेव्हा मन कर्जतला पोचलेलं असतं. म्हणून मी धडा उलटा करते. आधी जुने पेपर काढायचे, एक प्रश्न घ्यायचा, कोऱ्या कागदावर सुचेल ते लिहायचं, चुकीचं का असेना, आणि मगच पुस्तक उघडायचं. आता पुस्तकात काहीतरी शोधायचं असतं. किल्ली हरवली की घरातला कोपरा न् कोपरा दिसतो, एरवी कोण बघतं?

प्रयोग तिसरा: तोंड आणि पाय चालू ठेवा

माझी आजी पेणची. ती सांगते, दिवेलागणीला शुभं करोति झालं की ओसरीवर सगळ्या भावंडांचा परवचा असायचा. पाढे, पावकी, निमकी, दिडकी, सगळं मोठ्याने, एका सुरात, डुलत डुलत. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला तोंडावर बोट ठेवून शिकवलं, त्यामुळे मला याची गंमतच वाटायची. आता नीट विचार केला तर त्यात ठरलेली वेळ आहे, आवाज आहे, ताल आहे, हलणारं शरीर आहे आणि बरोबर माणसं आहेत. माझ्या मेंदूला हवं ते सगळं आजीच्या ओसरीवर फुकट होतं. नुसती घोकंपट्टी पुरत नाही हे मान्य, डेरिव्हेशन समजावंच लागतं. पण समजलेलं डोक्यात ठेवायला परवचा उत्तम.

आजीच पुढे म्हणते, "बसल्या बसल्या पाय हलवू नये, लक्ष्मी जाते." लक्ष्मीचं माहीत नाही, पण सरस्वती येते बहुतेक! २०१५ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी एडीएचडी असलेल्या १० ते १७ वर्षांच्या मुलांच्या पायाला हालचाल मोजणारं यंत्र लावून त्यांना लक्ष देऊन करायचं काम दिलं. हालचाल जास्त जोरात असताना त्यांची उत्तरं जास्त बरोबर आली. तेव्हापासून मी व्याख्या गच्चीवर फेऱ्या मारत म्हणते. पाऊस नसेल तर संध्याकाळी पार्टनरबरोबर गाढी नदीच्या बाजूला चक्कर. जाताना ती विचारते, येताना मी. रस्त्यावरच्या काकांना वाटत असेल, या मुली भांडतायत की काय.

प्रयोग चौथा: सोबत

इंग्रजीत याला मोठं नाव आहे, मराठीत साधा शब्द आहे, सोबत. रात्री परसात जायला आजी कोणाला तरी सोबतीला घ्यायची. सोबत करणारा काही करत नाही, फक्त असतो. माझी पार्टनर मेकॅनिकलची. ती तिची शीट काढते, मी माझं जर्नल लिहिते. बोलणं बंद. बसण्याआधी मी तिला एकच वाक्य सांगते, "दोन न्यूमेरिकल." उठताना दोन न्यूमेरिकल दाखवते. ती तपासत नाही, तिला त्यातलं काही कळतही नाही. तरी समोर एक माणूस शांतपणे काम करतंय, एवढ्यानेच माझं खुर्चीतून उठणं अर्ध्यावर येतं. एकटीच्या खोलीत जे तीन तासांत होत नाही, ते सोबतीत एका तासात होतं.

प्रयोग पाचवा: सुरुवात इतकी लहान की लाज वाटावी

माझी अडचण अभ्यास करण्यापेक्षा सुरू करण्यात जास्त आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी १९९९ साली याच्यावर एक साधा उपाय मांडला. ठराव 'जर-तर' च्या भाषेत करायचा. "संध्याकाळी अभ्यास करीन" हा ठराव हवेत राहतो. "मेसमधून वर आले, की खुर्चीत बसून कालचा अर्धा प्रश्न पुढे लिहायचा" हा जमिनीवर असतो. म्हणून मी रोज शेवटचं न्यूमेरिकल मुद्दाम अर्धवट सोडते, वही उघडी, पेन तिच्यात. उद्या सुरुवात करायचीच नसते, फक्त पुढे चालू करायचं असतं. शेजारी एक चिठ्ठी असते, 'नंतर बघू' नावाची. कपडे वाळत घालायचे राहिले, पेंग्विनला गुडघे असतात का, दादाला बर्थडे विश करायचंय, सगळं तिच्यावर. इंटरप्ट बंद करता येत नसला तरी त्याला टोकन देऊन रांगेत बसवता येतं.

आता तुम्ही विचाराल, एवढं करून तू टॉपर झालीस का? नाही हो! पण ज्या सिग्नल्सच्या पेपरचं मला पहिल्या सेमपासून टेन्शन होतं, तो पहिल्या फटक्यात सुटला, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री मी झोपले होते. छत्र्या अजून हरवतात. या वर्षी दोन. शिवाय या कुंपणाला वाळवी लागते. कुठलीही युक्ती तीन-चार आठवडे नवी असते, मग माझा मेंदू तिला कंटाळतो. आधी मला वाटायचं, युक्ती फसली. आता माहीत आहे की ती नुसती जुनी झाली. ती बाजूला ठेवायची, दुसरी काढायची, महिन्याने पहिली परत आणायची. एकच रामबाण शोधण्यापेक्षा भात्यात पाच बाण बरे.

थोडं गंभीर. रील बघून कोणीही स्वतःला एडीएचडी आहे असं ठरवू नका. अपुरी झोप, काळजी, उदासपणा, थायरॉईड, यांनीही लक्ष उडतं. निदान डॉक्टरांनीच करायचं. त्यावर औषधं आहेत आणि पुष्कळांना त्यांचा उपयोग होतो. पण मेथिलफेनिडेटसारखी गोळी एनडीपीएस कायद्याखाली येते. ती प्रिस्क्रिप्शनशिवाय घेणं, किंवा सबमिशनच्या रात्री मैत्रिणीकडून अर्धी मागणं, दोन्ही धोक्याचं. मला गोळी चालू आहे की नाही, हा माझा आणि डॉक्टरांचा प्रश्न. कोणाशी बोलायची सुरुवात कुठून करायची हे सुचत नसेल, तर सरकारची टेली-मानस ही हेल्पलाईन ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६, पैसे लागत नाहीत, मराठीतही बोलता येतं.

आणि सर, मॅडम, तुम्हीही हे वाचत असाल म्हणून एक विनंती. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. त्यात लर्निंग डिसॅबिलिटी आहे, एडीएचडी वेगळ्या नावाने नाही. म्हणजे डिस्लेक्सियाचं सर्टिफिकेट असणाऱ्याला परीक्षेत जादा वेळ मागता येतो. नुसता एडीएचडी असणाऱ्याच्या हातात तसा हक्काचा कागद नसतो. कायदा आपल्या हातात नाही, पण वर्ग आहे. सेमच्या शेवटी एकदम दहा एक्सपेरिमेंट मागण्याऐवजी दर आठवड्याला एक मागा. सबमिशनची तारीख तोंडी सांगण्याबरोबर फळ्यावरही लिहा. एखादा शेवटच्या बाकामागे उभं राहून लेक्चर ऐकू का म्हणाला, तर उद्धटपणा समजू नका. याला खर्च शून्य आहे, आणि ज्याला एडीएचडी नाही त्याचंही जर्नल वेळेवर पूर्ण होईल.

शेवटी एक सूचना. दर मंगळवारी आणि गुरुवारी रात्री ९ ते १०:३० या वेळात लेडीज हॉस्टेलच्या रीडिंग रूममधलं दाराजवळचं टेबल आम्ही 'सोबत'साठी ठेवलं आहे. वॉर्डन मॅडमची परवानगी आहे. आलात की एका चिठ्ठीवर आज काय करणार ते एका ओळीत लिहायचं, आणि जाताना त्यापुढे टिक किंवा फुली मारायची. चिठ्ठ्या कोणी तपासत नाही. बोलायचं नाही, पाय हलवायला हरकत नाही. एडीएचडी असण्याची अट नाही. बॉईज हॉस्टेलने आपलं वेगळं टेबल सुरू करावं. घड्याळ कुठे मिळतं ते मी सांगेन.

– तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन